हुंगवायचा कांदा

लेकीला फिट येते, हे सरुबाईनं अंथुर्णे गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. हुंगवायला पदराच्या गाठीत कांदा मात्र कायम असायचा. वृषालीला बघायला लोणी भापकरचे पाहुणे आले आणि नेमकी पाणी देताना पोरीची नजर थिजली, हात झटके देऊ लागला, ती कोसळली. “चप्पल आणा!” कुणीतरी ओरडलं. सरुबाई बुक्कीनं कांदा फोडून धावली. पण मुलाची आई आधीच खाली बसलेली. तिनं वृषालीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली शाल सारली, नवऱ्याचं मनगट ओढून घड्याळ बघत राहिली. “कांदा नगं, बाई. दोन मिनिटांत उतरतंय. माझ्या थोरलीलाबी असंच व्हायचं. बारामतीच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी थांबलं. आता दोन पोरांची आई हाय.” वृषालीनं डोळे उघडले. सरुबाई कांदा लपवू लागली. “लपिवताय कशाला, विहीणबाई?” पाहुणी हसली. “चिरा की! पोहं अजून व्हायचंत.”