लोगो कोणी केला

"कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोला," 'नवप्रहर' वाहिनीकडून आलेली प्राजक्ता म्हणाली. "आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्या. माझे प्रश्न नंतर कापले जातात."

"माहीत आहे," जयवंत म्हणाला. टीव्हीत काढलेली वर्षं तो विसरला नव्हता.

सिल्वासातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात खुर्ची खिडकीपाशी सरकवली होती. त्याची बायको रजनी शाळेत शिकवायची. तिने आज अर्धी रजा घेतली होती आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"सुरुवात करू. 'नवप्रहर'चा लोगो कोणी केला?"

हा प्रश्न आजवर घराबाहेर त्याला कोणीच विचारला नव्हता.

मुंबईत तो 'नवप्रहर' वाहिनीच्या ग्राफिक्स विभागात होता. बातम्यांच्या पट्ट्या, कार्यक्रमांची शीर्षकं, जाहिरातीआधीची झलक, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. वाहिनी सुरू व्हायची होती तेव्हा त्याने कागदावर तीन वळणदार रेषा काढल्या. विभागप्रमुख विशाल कारखानीसने त्या स्वतःच्या नावाने वर पाठवल्या. पुरस्कार विशालला मिळाला, मग बढती. जयवंतने एका मीटिंगमध्ये तोंड उघडलं आणि पुढच्या नोकरकपातीत तो बाहेर पडला. दुसऱ्या वाहिन्यांत गेला, तर त्याच्या आधी विशालचा फोन पोचलेला असायचा. शेवटी तो वडिलांच्या गावी, सिल्वासाला परतला. आता नरोलीच्या कारखान्यात खताच्या आणि पिठाच्या गोण्यांवर छापायची चित्रं तो काढून द्यायचा. कणीस, बैल, हसरा शेतकरी. मालकाला दर वेळी बैल मोठा हवा असायचा.

त्याचंही त्याला काही वाटेनासं झालं होतं. सल होता तो सोनमचा. त्याची मुलगी सातवीत असताना वर्गात बोलून गेली, हा लोगो माझ्या पप्पांचा आहे. पोरांनी तिला "फेकू" म्हणून वर्षभर पिडलं. एक दिवस तिने घरी येऊन विचारलं, "पप्पा, खरंच तुम्ही केलाय ना?" तो हो म्हणाला. तिने मान डोलावली, पण तिच्या डोळ्यांत विश्वास नव्हता. तेव्हापासून घरात 'नवप्रहर' लागलं की ती उठून आत जायची.

"मीच केला," जयवंत म्हणाला. मग पूर्ण वाक्य हवं हे आठवून तो पुन्हा म्हणाला, "तो लोगो मी केला."

"पूर्ण नाव सांगून, प्लीज."

त्याने पूर्ण नाव सांगितलं.

"विशाल सरांनी त्यात काही बदल सुचवले होते?"

"एक रेघही नाही. मंजूर झाल्यावरच त्याने तो नीट पाहिला असेल."

दारातून रजनीने हळूच मान हलवली. जयवंतला वाटलं, जास्त बोललो. पण प्राजक्ताचा चेहरा शांत होता.

"कल्पना कुठून सुचली?"

"मधुबन धरणावरून. लहानपणी बाबा आम्हाला तिथे घेऊन जायचे. दरवाजे उघडले की पाणी असं वळून खाली येतं..." त्याने हवेत हात फिरवला.

"छान. त्या काळात परदेशी वाहिन्या बघायचात का?"

"म्हणजे काय! ऑफिसात दिवसभर तेच चालू असायचं. बघूनच तर शिकलो आम्ही."

"हे जरा पूर्ण वाक्यात घेऊ या?"

त्याने ते पूर्ण वाक्यात सांगितलं. प्राजक्ताने कॅमेरा बंद केला आणि चहाचा कप उचलला.

"एक विचारू?" जयवंत म्हणाला. "माझं नाव तुम्हाला कळलं कुठून?"

"विशाल सरांनीच दिलं. म्हणाले, वाहिनीला वीस वर्षं होताहेत, खरं काय ते आता लोकांसमोर यायला हवं."

प्राजक्ता गेल्यावर रजनी जवळ आली, तेव्हा तो म्हणाला, "माणूस बदलतो गं." आणि तो रडला. मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदाच.

चार दिवसांनी प्राजक्ताचा मेसेज आला, रविवारी संध्याकाळी बघा. सोनमने वर्गातल्या मैत्रिणींना घरी बोलावलं. फेकू म्हणणाऱ्यांपैकी दोघी त्यात होत्या. कारखान्यातला छपाईवाला लखन पेढे घेऊन आला. "काय जयवंतभाई, सांगितलं नाही कधी! आमच्या गोण्यांवर बैल काढणारा माणूस एवढा मोठा निघाला!"

"अरे, बस तर आधी," जयवंत म्हणाला. त्याने नवा शर्ट घातला होता.

सोनम टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. बऱ्याच वर्षांनी ती आपणहून 'नवप्रहर' लावून बसली होती. जाहिराती संपल्या आणि पडद्यावर जयवंतचा चेहरा आला.

"पप्पा!" सोनम ओरडली. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. तिने मागे वळून बापाकडे पाहिलं. त्या नजरेची त्याने किती वाट पाहिली होती.

तो मात्र पडद्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्याभोवती लाल चौकट होती. खाली काळी पट्टी. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला अशी चौकट कोणी वापरत नाही, एवढं त्याच्या लगेच लक्षात आलं. त्याने रिमोटसाठी हात पुढे केला. रिमोट सोनमच्या मांडीवर होता आणि ती आवाज वाढवत होती.

"परदेशी वाहिनीने आमच्यावर केलेल्या लोगोचोरीच्या दाव्याला आज नवं वळण," निवेदिका सांगत होती. "संचालक विशाल कारखानीस यांचा या चोरीशी काहीही संबंध नाही. खऱ्या चोराने कॅमेऱ्यासमोर स्वतःच कबुली दिली आहे."