लांबून आलेली

सेनगावजवळच्या तांड्यावरची मोतीबाई दर हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर आरसे जडवलेल्या पिशव्या विकायची. विमानं भरून आली तरच तिचं घर चालायचं. जर्मनीची हेल्गा दरवर्षी नवी पिशवी घ्यायची. एकदा म्हणाली, “विमानांच्या धुरानं जग तापतंय, मी आता विमानात बसणार नाही.” मोतीबाईला राग आला, पण तांड्यावरची विहीर पौषातच आटल्याचं कळलं तेव्हा हेल्गाचं बोलणं आठवलं. परवा तांड्यावर तिच्या दारात जीप थांबली. महिनाभर जहाज, रेल्वे, एसटी बदलत हेल्गा आली होती, फाटलेली पिशवी शिवून घ्यायला. मोतीबाई तिच्या गळ्यात पडून सुरात रडू लागली. हेल्गा घाबरली. “कौन मर गया?” “कोणी न्हाई,” लेक पूजा हसली. “लांबून आलेल्या माणसाला आमी असंच भेटतो.” “गोवा में तो कभी नहीं रोई.” मोतीबाईनं डोळे पुसले. “तवा कुठं लांबून यायचीस, माय? विमानानं यायचीस.”