कम्प्युटरची मालकीण

"तू हात लावायचा नाही," आई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली. "तू केलंस की ते तुला येतं. मला कुठे येतं?"

मुलगा तिच्या मागे उभा राहिला. उद्या तो लांबच्या नोकरीवर निघणार होता, परत यायला वर्ष तरी लागणार होतं. आजवर घरी आला की तोच हा कम्प्युटर अपडेट करून जायचा आणि आई शेजारी शिलाई मशीनवर बसलेली असायची. आता तिलाच शिकणं भाग होतं. गिऱ्हाइकांची मापं, नमुन्यांचे फोटो, तिचं सगळं त्यातच होतं.

विंडोज काढून त्यात लिनक्स त्यानेच घातलं होतं. फुकट मिळतं, व्हायरसची कटकट नाही, जुन्या डब्यावरसुद्धा पळतं. तेव्हा त्याने त्याचं इतकं कौतुक केलं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, यानेच बसून लिहिलंय.

"ती काळी खिडकी उघड. हां. आता लिही, सुडो."

"सुडो म्हणजे रे काय?"

"म्हणजे, मी मालकीण आहे, माझं ऐक."

"हे बरंय. घरात कुणी ऐकत नाही, हा तरी ऐकेल."

ती एका बोटाने अक्षरं शोधत राहिली. आधी अपडेट, म्हणजे नवीन काय काय आलंय ते विचारायचं. मग अपग्रेड, म्हणजे ते उतरवून घ्यायचं.

"आधी चौकशी, मग खरेदी," आई म्हणाली. "एवढंच होतं तर दर वेळी कपाळाला आठ्या घालून का करायचास?"

तो हसला. तिने एंटर दाबलं आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी ओळ आली.

"आता हे काय?"

"नुसतं मालकीण म्हणून चालत नाही, पटवून द्यावं लागतं. पासवर्ड टाक. तो..." म्हणता म्हणता त्याची जीभ अडली.

पासवर्डही त्यानेच ठेवला होता, लिनक्स घातलं त्याच दुपारी. माऊस कसा धरायचा ते आईने पुन्हा पुन्हा विचारलं होतं आणि याचं टाळकं सरकलं होतं. रागाच्या भरात इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, त्याने ठोकून दिलं होतं: आईला अक्कल नाही. पुढे राग गेला, पासवर्ड राहिला. बोटांना तो इतका सवयीचा झाला की ते शब्द आहेत हेच हा विसरला. आत्ता तिला सांगायची वेळ आली तेव्हा आठवलं.



"आई, जरा ऊठ. एकच मिनिट."

"का?"

"एक सेटिंग राहिलंय."

"मग मला दाखवून कर."

"पाणी आणतेस जरा?"

"बाटली तुझ्या हातात आहे."

होती खरी. ऑफिसात भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस, आणि आईला खुर्चीवरून उठवायला त्याला एक धड थाप सुचेना.

आई वाट पाहून वळली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चष्मा सारखा केला आणि पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवलं.

तिने ए दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. पुन्हा ए. मग आय.

"ते दिसत नाही, आई..." त्याने सांगायला सुरुवात केली. नवशिके नेमके इथेच अडतात. टाकलेला पासवर्ड दिसत नाही, ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, मग त्यांना वाटतं कीबोर्ड बिघडला. पण आई अडली नव्हती. तिचं बोट एलवर गेलं, पुन्हा एवर आलं, आणि त्याचं बोलणं तोंडातच राहिलं. पुढे तिने के दोनदा दाबलं. एकही अक्षर चुकलं नाही.

एंटर. पासवर्ड बरोबर होता. ओळी भराभर वर सरकू लागल्या.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला कसा माहीत?"

"टाकताना तू पुटपुटतोस. लहानपणी पाढे लिहिताना पुटपुटायचास ना, तसाच. एकेक अक्षर." ती पडद्याकडेच बघत होती. "मी इथेच तर असते शिवत. आणि तुकडे जोडायचं माझं कामच आहे."

आवाज नेहमीचाच होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला हे कधीपासून माहीत आहे, हे विचारायचं त्याचं धाडस झालं नाही. प्रत्येक वेळी तो तिच्या हातचा चहा पीत इथे बसला होता, तिच्या शेजारी बसून त्याने तेच वाक्य पुन्हा टाकलं होतं. आणि तिने टीप मारता मारता विचारलं होतं, जेवायला काय करू?

"आई, मी तेव्हा रागात होतो. मनात तसं काही नव्हतं."

"हं. आता खरेदी ना?"

दुसरी ओळ तिने त्याला न विचारता लिहिली. पुढे जायचं का, असं कम्प्युटरने विचारलं. तिने हो म्हटलं.

"तो पासवर्ड बदलून टाकू," तो म्हणाला. "आत्ताच बदलू. तुला आवडेल तो ठेव."

"राहू दे," आई म्हणाली. "लक्षात राहतो."