गार्गीचं एकच वाक्य

"तू ख्रिस्ती आहेस?" रोमन अधिकाऱ्याने दरडावून विचारलं.

"होय, मी ख्रिस्ती आहे!" गार्गी ओरडली, आणि सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मग तिला सिंहापुढे टाकलं. सिंह म्हणजे शेजारचा अनीश, अंगावर पिवळा टॉवेल, आणि बिचाऱ्याला हसू आवरत नव्हतं. तरी पहिल्या रांगेत बसलेल्या सुबोध गायकवाडच्या, म्हणजे गार्गीच्या बाबांच्या, डोळ्यांत टचकन पाणी आलं.

इथली मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एकदा उपासनेला जमतात, त्यांच्या मुलांचं हे नाटक. गार्गीला वाक्य एकच. पण इंग्रजी शाळेतल्या दहा वर्षांच्या पोरीच्या जिभेवर ते बसेल तर शपथ. सुबोधने आठवडाभर तालीम घेतली. एकदा ती वैतागून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"बाबा, ती मुलगी सरळ नो का म्हणत नाही? देन सेफ, लाह!"

"कारण तिच्या बाबांनी तिला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं," सुबोधने ऐटीत सांगितलं होतं.

बोलायला काय जातं! नोकरीच्या पहिल्या वर्षी पुण्यात एका घरमालकाने धर्म विचारला तेव्हा सुबोधने खरं सांगितलं होतं, आणि ठरलेली खोली हातची गेली होती. तेव्हापासून त्याने सांगणंच सोडलं. नाव सुबोध, आडनाव गायकवाड; कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. सिंगापुरात तर कोण कशाला विचारतंय? तरी सवय सुटली नाही. ऑफिसातल्या मीनलने रविवारी काय करतोस विचारलं, की हा म्हणायचा, ईस्ट कोस्टला समुद्राकाठी सायकल चालवतो. दहा वर्षं सायकल चालवतोय आणि पोट मात्र जागच्या जागी.

नाटक संपलं. बापलेक लिफ्टपाशी आले. गार्गीच्या अंगावर पांढरी चादर तशीच होती, गळ्यात पुठ्ठ्याचा क्रॉस. दार उघडलं आणि आतून नेमकी मीनलच बाहेर आली. तिच्या मुलाचा चित्रकलेचा क्लास त्याच मजल्यावर होता.

"अय्या, सुबोध! तू इथे कसा? आणि हे काय ध्यान?"

मीनलच्या हातात तलवार नव्हती, बबल टीचा ग्लास होता. खरं सांगितलं असतं तर "अरे, कधी बोलला नाहीस" म्हणून ती फार तर रुसली असती.

"हिच्या मैत्रिणीचं नाटक होतं," तो म्हणाला. "एक मुलगी कमी पडली, म्हणून हिला उभी केली."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण गेले ते गेले.

"तरीच! मला क्षणभर वाटलं..." मीनल हसत गार्गीपुढे वाकली. "काय गं, तू ख्रिस्ती आहेस?"

गार्गीने बाबांकडे पाहिलं. सांग गं बाई, सुबोध मनात म्हणाला, तू तरी सांग.

गार्गीने क्रॉस चादरीखाली सरकवला.

"नाही, मावशी."

मीनल गेली. खाली जाताना लिफ्टमध्ये गार्गीने त्याचा गार पडलेला हात घट्ट धरला.

"डोंट वरी, बाबा," ती हळूच म्हणाली. "आता तू सेफ."