आर्लिसबाईंच्या मांडीतला दांडा

आर्लिस क्नुटसनबाईंनी अमेरिकेतल्या डुलुथमध्ये तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. १९९१ साली त्यांच्या खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधा आता सैल झाला होता. तो बदलायचा तर आधी कोणत्या कंपनीचा आहे हे कळायला हवं, कारण मांडीच्या हाडात बसवलेला त्याचा दांडा उपसायची हत्यारं दर कंपनीची वेगळी असतात. तो बसवला ते हॉस्पिटल कधीच बंद पडलं होतं आणि कागदपत्रंही गेली होती. म्हणून डॉक्टर हालवर्सननी कंपनी शोधायचं काम माझ्याकडे, त्यांच्या एक्स-रे काढणारीकडे, दिलं.

दोन आठवडे मी जुने कॅटलॉग धुंडाळले. आमच्या एक्स-रेत दिसत होता तसा दांडा कुणीच बनवलेला नव्हता.

मग आर्लिसबाईंनी घरातून एक जुना एक्स-रे शोधून आणला. त्यात दांडा जेमतेम वीतभर होता. आमच्या एक्स-रेत तो मांडीच्या निम्म्याच्याही खाली गेला होता.

"माप चुकलं असेल," डॉक्टर म्हणाले. "परत काढ. अख्खा पाय घे."

दुपारी बाई स्वतःच्या पायांनी चालत आल्या. मी त्यांना टेबलावर झोपवलं. लांबीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"निघेल ना गं हा?"

"हत्यार मिळालं की लगेच."

"ते मिळायचं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

पडद्यावर चित्र उमटलं. दांडा गुडघ्यातून आरपार जाऊन नडगीत उतरला होता.

मी त्यांना उठवायला गेले. त्यांचा गुडघा वाकेना. मी पुन्हा जोर लावला, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू दे, पोरी," त्या म्हणाल्या. "एवढंच सांग, घोटा अजून किती लांब आहे?"