व्हायोलिन डावीकडे होतं

“थांबलास का दादा? मोठ्याने वाच,” ती म्हणाली.

दादा घुटमळला. तिचा फोन त्याच्या हातात होता. ती तो हिसकावून घेईल, रडेल, निदान मान तरी खाली घालेल, असं त्याला वाटलं होतं. चार माणसांत तिला लाज वाटावी म्हणूनच तर रविवारी दुपारी त्याने धाकट्या बहिणीलाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आणि ही खुर्चीत ताठ बसलेली, पोराकडून धडा म्हणून घ्यावा तशी.

तिचं वय एकोणपन्नास. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. दिवसभर मेणात दात बसवायचे, घासायचे, चकचकीत करायचे आणि संध्याकाळी भावाच्या घरी येऊन आपल्या खोलीत मुकाट बसायचं. वर्षापूर्वी फोनवर तिला एक गट सापडला. सहा माणसं, सगळी एकमेकांना अनोळखी. दर रविवारी चार वाजता एकाने गाणं लावायचं आणि बाकीच्यांनी त्यात काय काय ऐकू आलं ते लिहायचं. नाव विचारायचं नाही, धंदा सांगायचा, एवढा एकच नियम. त्यामुळे तिथे एक लिफ्टवाला होता, एक नर्स होती, मधमाश्या पाळणारे एक आजोबा होते. आणि ती होती ‘कवळी’.

“‘कवळीबाई, तुमची आवड म्हणजे भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखी आहे,’” दादाने वाचलं. “कोण हा?”

“लिफ्टवाला. खाली माझं उत्तर आहे, तेही वाच.”

“‘आणि तुमची म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखी.’”

धाकटी फसकन हसली. दादाने डोळे वटारले तशी तिने हसू गिळलं.

“हसण्यावारी नेऊ नका,” वहिनी म्हणाली. “या लोकांच्या नादाने वन्सं पार बदलल्यात. चार महिने बघतेय. शेजारी उभं राहून बोलावं तरी ओ देत नाहीत. घरच्यांसाठी तोंडाला कुलूप आणि परक्यांशी कोण गप्पा!”

“शिष्टपणा, दुसरं काय!” दादा म्हणाला. “आज या गटातून तुझं नाव काढून टाकतो. मोकळी हो.”

“नाव माझं आहे, दादा. ते ठेवायचं की काढायचं, मी ठरवीन. आणि वाचायला घेतलंस ना? मग पुरतं वाच. अर्धं वाचून निकाल देतात का?”

दादाने घसा खाकरला. गुन्हेगाराचा कबुलीजबाब वाचावा तशा आवाजात तो पुढे वाचू लागला.

“लिफ्टवाला लिहितो, ‘कवळीबाई, सलग तीन रविवार बघतोय. तुम्ही ढोल लिहिता, बासरी लिहिता. व्हायोलिनबद्दल चकार शब्द नाही. तिन्ही गाण्यांत ते डावीकडे आहे.’ मग तू. ‘हेडफोन गेला असेल. गेल्या महिन्यातच नवा घेतलाय.’ मग पुन्हा तो. ‘उलटा घालून बघा. डावा उजवीकडे.’”

दादा थांबला. पुढचं वाक्य त्याने आधी मनातल्या मनात वाचलं.

“मोठ्याने,” ती म्हणाली.

“‘उलटा घातला. व्हायोलिन आलं.’”

धाकटीला एकदम उमगलं. तिचा हात तोंडावर गेला. वहिनी अजून दादाकडेच बघत होती. दादा वाचत राहिला. न वाचून सांगतो कुणाला?

“नर्स लिहिते, ‘उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जा. एकट्या जाताय? मी फोनवर राहते.’ मग दुसऱ्या दिवशी तू. ‘डावा गेला. परत यायचा नाही म्हणाले. उजवा ठणठणीत आहे.’ मग…” त्याने चष्मा काढून पुसला. “मग लिफ्टवाला. ‘काळजी नको. डावीकडे काय वाजतंय ते मी तुम्हाला लिहून कळवत जाईन.’”

खाली तसं सगळं लिहिलेलं होतं. आठवड्यामागून आठवडे. इथे व्हायोलिन सुरू झालं, इथे थांबलं, इथे नुसतं कुजबुजलं.



“आम्हाला का नाही सांगितलंस?” दादाने विचारलं. “आम्ही काय मेलो होतो?”

“डॉक्टरांचा कागद आठ दिवस टीव्हीपाशी पडला होता. तू त्याच्यावर चष्मा ठेवायचास. म्हटलं, बघू कोण विचारतंय. नाही विचारलंत. मी तरी किती वाट बघायची?”

तिच्या बोलण्यात रडं नव्हतं. वहिनी पदराशी चाळा करत राहिली. दादा उठला, तिच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि हळूच काहीतरी म्हणाला. तिला त्याचे ओठ हललेले तेवढे दिसले.

तिने हात पुढे केला. दादाने गुपचूप फोन तिच्या हातात ठेवला. चारला पाच मिनिटं कमी होती, आणि आज गाणं लावायची पाळी तिची होती. तिने हेडफोन उचलला आणि खोलीच्या दारात वळून तिघांकडेही आळीपाळीने बघितलं.

“रविवारी चार ते पाच मला हाक मारायची नाही. बाकी आठवडाभर काय बोलायचं ते बोला, भांडायचं असलं तर भांडा. फक्त उजवीकडून.”