धनाजीआबांची पहिली पावती

"ती कॅमेऱ्याची गाडी हितनं हललीच पायजे!" ग्रामसभेत रखमाजीनं टेबलावर हात आपटला आणि सरपंचांचा चहा बशीत सांडला.

किकवीच्या रस्त्यावर, शाळेच्या अलीकडं, पोलिसांची वेग मोजणारी गाडी उभी राहू लागल्याला महिना झाला होता. मर्यादा चाळीसची. रखमाजीचा दुधाचा टेम्पो तिच्या कॅमेऱ्यात दोनदा सापडला होता. दोन्ही वेळा मोबाईलवर आपल्याच टेम्पोचा फोटो बघून त्याचं डोकं फिरलं होतं.

"दूध नासतंय तवा सरकार येतं का इचारायला?"

"माजा नातू तितंच गाडीच्या धक्क्यानं पडला," मागून धोंडाबाई म्हणाली. "तवा कॅमेरा न्हवता. अजून लंगडतंय पोरगं."

रखमाजीचा आवाज उतरला, पण मुद्दा सोडेल तर तो रखमाजी कसला!

"नियमाला माजी ना न्हाई, म्हातारे. पर नियम सगळ्यांना एकच पायजे. ती गाडीवरची मॅऽऽडम," हा शब्द त्यानं चांगला हातभर लांबवला, "तुमाला-मला धरती. वळखीचं माणूस आलं की कॅमेरा आभाळाकडं करंल."

"कुणाला सोडलं? नाव सांग."

कोपऱ्यातून धनाजीआबा बोलले होते. इतका वेळ ते टोपी मांडीवर ठेवून गुपचूप बसले होते.

"आजून न्हाई सोडलं. पर सोडंल. तीबी माणूसच हाय."

सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. आबांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली. घाटातल्या धुक्यात, पावसात, पण कधी कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला होता त्यांच्याकडं, आणि दंडाची पावती आयुष्यात एकही नाही. निवृत्तीनंतर जीप घेतली तीही इतकी सावकाश चालवायचे, की आबांच्या जीपमधून लग्नाला निघालेला माणूस बारशाला पोचतो, असं गाव म्हणायचं.

"उद्या माझ्या जीपमधी बस," आबा म्हणाले. "साठनं जातो. बघू मला सोडती का."

रखमाजी हसला. "तुमाला? तुमाला तर सोडंलच की, आबा!"

"सोडलं, तर गाडी हलवायच्या अर्जावर पयली सही माझी. न्हाई सोडलं, तर त्या बाईच्या इमानावर पुन्यांदा शब्द काढायचा न्हाई. कबूल?"

"कबूल."

घरी आबांच्या बायकोनं, सुलक्षणाबाईंनी, कपाळावर हात मारला. "बत्तीस वर्षं जपलंत, आन् आता म्हातारपणी डाग लावून घेनार?"

"लागला तर मला लागू दे," आबा म्हणाले. "आन् हे कुनापाशीच बोलायचं न्हाई. समजलं न्हवं?"

रात्री आबांनी ट्रंकेतून बिल्ला काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत ठेवून दिला.

सकाळी रखमाजी जीपमध्ये बसला तेवढ्यात सुलक्षणाबाई कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या. "एवढा डबा पोचवा वाटेत. घाईत ऱ्हायला." आबांनी पिशवी सीटच्या मागं ठेवली.

रविवार होता, शाळा बंद होती. ते आबांनी आधीच बघून ठेवलं होतं. सरळ रस्ता लागला. चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांनी दोनदा आरशात पाहिलं आणि एकदा हॉर्न दिला. मग पाय दाबला.

काटा पन्नासवर गेला तेव्हा आबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. साठवर गेला तेव्हा रखमाजीनं दांडी धरली. "बास, आबा, बास!"

समोर पांढरी गाडी. रस्त्याच्या कडेला खाकी वर्दीतली बाई, हात वर केलेला. आबांनी जीप सावकाश कडेला घेतली.

"लायसन्स."

आबांनी दिलं. तिनं ते पाहिलं, मग आबांकडं पाहिलं. हातातल्या मशीनवरचं बोट जरा थबकलं.

रखमाजीनं मान बाहेर काढली. संधी सोडणाऱ्यातला तो नव्हताच. "मॅडम, आबांना वळखता न्हवं?"

"ओळखते. म्हणून काय?"

"न्हाई, म्हंजे, जाऊ द्या की. पयलीच येळ हाय त्यांची."

"शाळेजवळ पहिली वेळसुद्धा शेवटची ठरू शकते." ती आबांकडं वळली. "गाडी तुमच्याच नावावर?"

"व्हय."

"बासष्टचा वेग आहे. एवढी वर्षं एसटी चालवलीत, तुम्हाला शोभतं का हे?"

"न्हाई शोभत," आबा म्हणाले.

तिनं नजर मशीनवर वळवली आणि बोट दाबलं. मशीननं चिठ्ठी बाहेर टाकली. आबांच्या खिशातला मोबाईल वाजला. दंडाचा मेसेज, आयुष्यातला पहिलाच.

"दंड भरा. आणि पुन्हा अशी गाडी चालवू नका."

"न्हाई चालवनार."

रखमाजी खाली बघत होता. "चुकलो, आबा," तो पुटपुटला. "लई मोठी चूक झाली माजी."

आबांनी चिठ्ठीची नीट घडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. बिल्ला मिळाला त्या दिवशीही एवढा अभिमान वाटला नव्हता त्यांना. त्यांनी मागं हात घालून कापडी पिशवी काढली आणि खिडकीतून तिच्यापुढं धरली.

"हा घे डबा. सकाळी चुलीपाशीच इसरून आलीस, पोरी."